खप जास्त म्हणून धोका जास्त?

भारतात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. विदर्भातल्या वरोऱ्यातही चित्र वेगळं नाही. चोराला हेच हवं असतं: एक फसवं अ‍ॅप बनवलं की सावज कोट्यवधी. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, ‘पीएम किसान’ किंवा गाडीचं चलान म्हणून येणाऱ्या फाइलचं नाव नीट वाचा. शेवटी ‘एपीके’ असेल, तर ते अँड्रॉइडवर बसणारं अ‍ॅप आहे. उघडून परवानग्या दिल्या की बँकेचे ओटीपी थेट चोराकडे. आयफोनवर ती फाइल चालतच नाही.

पण खप हे अर्धंच कारण. 2001 मध्ये निम्म्याहून अधिक वेबसाइट अपाचे सर्व्हरवर होत्या. ‘कोड रेड’ हा संगणकी किडा मात्र शिरला तो कमी वापराच्या मायक्रोसॉफ्ट आयआयएस सर्व्हरमध्ये, कारण फट तिथे होती. 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं. त्याने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच आलं होतं.

त्याच वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. शिवारभर बीटी कपाशी होतीच, पण फरदड (हंगाम संपल्यावरही उभं पीक) ठेवणं आणि बीटी नसलेल्या कपाशीचा आश्रयपट्टा न पेरणंही नडलं. सॉफ्टवेअरचंही तसंच: हल्लेखोर गर्दी पाहून येतो, आत शिरतो तो निष्काळजीपणामुळे.

सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप’ची परवानगी बंद ठेवा, अपडेट टाळू नका. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच सायबर हेल्पलाइन 1930 लावा.