गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच? मग पुढची भानगडही तुमच्याच दारात

नंदुरबार : दसऱ्याला बोलेरो, होळीला स्विफ्ट आणि पुढच्या दिवाळीला दारात जुनी स्कॉर्पिओ. गाडी बदलण्याचा असा नाद असलेली मंडळी शहादा, तळोदा, नवापूर भागातल्या बहुतेक मोठ्या गावांत भेटतात. कुठल्या गावात कोणती गाडी विकायला उभी आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रत्येक वेळी कमाईच करायची असते असं नाही. नवी गाडी चालवून बघायची, चार दिवस मिरवायची आणि मन भरलं की दुसरी आणायची, एवढीच हौस असते.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण कागद अर्धवट राहिले, तर या हौसेचं मोल भलतंच मोजावं लागतं. चावी एका मिनिटात दुसऱ्याच्या हातात जाते, पण आरसी बुकावरचं नाव कधी सहा महिने, तर कधी वर्षानुवर्षं तसंच राहतं. मधल्या काळात गाडीनं काहीही केलं, तरी पहिलं बोट ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडेच जातं.

आपल्याकडे गाड्या एवढ्या हातोहात का फिरतात?

नंदुरबार जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. सुरत, बारडोली, व्यारा ही जुन्या गाड्यांची ठिकाणं जवळ, तर शहाद्याकडून खेतिया ओलांडलं की मध्य प्रदेश. त्यामुळे एमएच ३९ च्या शेजारी जीजे ०५, जीजे २६, एमपी ४६ अशा नंबरांच्या गाड्या गावोगावी उभ्या दिसतात. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या गाड्यांवर अजून एमएच १८ आहे.

दुसरं कारण पैशाच्या हंगामाचं. मिरची, कापूस, उसाचा पैसा एकदम हातात येतो. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीला घरी परततात. त्या सुमारास जुन्या दुचाकी आणि पिकअपला गिऱ्हाईक वाढतं. धडगाव, तोरणमाळकडच्या घाटवाटांवर तर गाडी ही चैन नाही, गरज आहे.

तिसरं कारण म्हणजे व्यवहाराची जुनी सवय. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात, चाल, भोवरे पाहायचे, भाव ठरवायचा, पैसे मोजायचे आणि लगाम हातात घ्यायचा. तिथे पारख झाली की बहुतेक काम झालं. गाडीचं तसं नाही. गाडीला एक चालवणारा मालक असतो आणि एक कागदावरचा. कायदा ओळखतो तो कागदावरचा.

कायदा मालक कुणाला म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो मालक. मालक अज्ञान असेल किंवा गाडीवर कर्ज असेल, तर थोडे वेगळे नियम आहेत. पण 'मी तर गाडी कधीच विकली' एवढं सांगून सुटका होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल गाडी बदलणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००९ मध्ये रिव्हर्स येणाऱ्या एका मोटारीनं दोघांना धडक दिली आणि त्यातल्या एकाचा जीव गेला. ज्याच्या नावावर गाडी होती त्यानं सांगितलं, की आपण ती २००७ मध्येच विकली. घेणाऱ्यानं सांगितलं, मी २००८ मध्ये पुढे दिली. तिसऱ्यानं चौथ्याला दिली होती आणि चौथ्याचं म्हणणं, मीही ती विकली. आरसीवर मात्र पहिल्याचंच नाव. उच्च न्यायालयानं शेवटच्या हाताला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी कुणाकुणाच्या हातून गेली याचा माग अपघातग्रस्तांनी काढत बसावा, हे कायद्याला अपेक्षित नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

म्हणजे गाडी विकून दोन वर्षं झाली तरी भरपाईचा दावा जुन्या मालकावर येऊ शकतो. त्यात नव्या माणसानं विमा भरलेला नसेल, तर रक्कम विमा कंपनीकडून नाही, स्वतःच्या खिशातून किंवा शेतीतून द्यायची वेळ येते.

बाकीच्या अडचणीही अशाच. ई-चलनाचा मेसेज आरसीवरच्या मालकाला येतो. गुजरातेत दारूबंदी आहे. आपली जुनी गाडी सीमेपलीकडे दारूसह पकडली गेली, तर पोलिस नंबरावरून आधी आपलंच घर शोधतात. घेणाऱ्याच्या अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ पासून लागू असलेल्या कलम १९९अ मध्ये पालकाबरोबर गाडीचा मालकही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.

कोऱ्या फॉर्मवरची सही

नाव बदलासाठी मुख्य फॉर्म दोन, २९ आणि ३०. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं परिवहन कार्यालयाला दिलेली सूचना, तर फॉर्म ३० म्हणजे नाव बदलाचा अर्ज. नोंदणी ज्या राज्यातली आहे त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते.

प्रत्यक्षात काय होतं? मधला माणूस म्हणतो, 'फक्त सही करून द्या, बाकीचं मी बघतो.' घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी राहते. हे कोरे फॉर्म गाडीबरोबर तीन-चार हातांतून फिरतात आणि जो शेवटी नावावर करायला तयार होईल त्याचं नाव त्यावर पडतं. याला कारण आहे. प्रत्येक नाव बदलानंतर आरसीवर मालकाचा क्रमांक वाढतो आणि 'सेकंड ओनर'ची गाडी 'फोर्थ ओनर' झाली की भाव पडतो. मधल्या लोकांचा फायदा नाव न बदलण्यात असतो. धोका मात्र सही करून मोकळ्या झालेल्या पहिल्या माणसाचा.

म्हणून नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही करू नये. सोबत ताबा पावती लिहून घ्यावी. त्यात तारखेबरोबर वेळही घालावी, कारण अपघात त्याच संध्याकाळीही होऊ शकतो. घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेतून किंवा यूपीआयवरून आले, तर व्यवहाराचा पुरावा आपोआप राहतो.

केंद्राच्या नियमांत नाव बदलाचं मूळ शुल्क दुचाकीला १५० आणि खासगी मोटारीला ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्ड, टपाल वगैरे वेगळं. एवढ्यासाठी डोक्यावर टांगती तलवार ठेवण्यात शहाणपणा नाही.

दलालाकडे गाडी सोडताना

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम आहेत. व्यापाऱ्याकडे परिवहन विभागाचं अधिकृत प्रमाणपत्र असावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. त्यानंतर गाडी पुढे विकली जाईपर्यंत व्यापाऱ्यालाच मालक मानलं जातं. त्यामुळे गाडी सोडण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: अधिकृत प्रमाणपत्र आणि २९सी भरल्याची पावती. दोन्ही नसतील, तर तो माणूस कितीही ओळखीचा असला तरी कायद्याच्या नजरेत गाडी आपल्याच नावावर आहे.

गुजरातची गाडी स्वस्त पडते का?

कधी पडते, कधी नाही. परराज्यातली गाडी कायमची इकडे आणायची तर मूळ कार्यालयाची एनओसी लागते, तिचा फॉर्म २८. चलन, कर किंवा कर्ज बाकी असेल तर ती अडते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची असेल, तर फॉर्म २७ भरून इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडच्या भावात हा कर, जाण्यायेण्याचा खर्च आणि एजंटचे पैसे मिळवून मगच इथल्या भावाशी तुलना करावी. 'एनओसी मागून पाठवतो' या शब्दावर पूर्ण पैसे मोजू नयेत. काही रक्कम एनओसी हातात येईपर्यंत राखून ठेवावी.

'हप्ते तू भर, गाडी घेऊन जा'

हा व्यवहार गावात सर्रास होतो आणि दोघांनाही अडचणीत आणतो. आरसीवर बँक किंवा फायनान्स कंपनीची नोंद असेल, तर तिच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. घेणाऱ्यानं हप्ते थकवले तर नोटीस मूळ कर्जदाराला येते आणि त्याचा सिबिल स्कोअर घसरतो. पुढे पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज मागायला गेलं की तीच नोंद आडवी येते. उलट घेणाऱ्यानं नियमित हप्ते भरले, तरी कागदावर गाडी त्याची होत नाही. सरळ मार्ग एकच: आधी कर्ज फेडायचं, बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, आरसीवरची नोंद काढायची आणि मग नाव बदलायचं.

गाडीवर गाडी देऊन वरचे पैसे घेतले, म्हणजे अदलाबदल केली, तरी कायद्यानं ते दोन वेगळे व्यवहार आहेत. दोन्ही गाड्यांचे कागद वेगवेगळे करावे लागतात.

विमा कुणाचा?

कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या मालकाकडे जातो, पण नव्या मालकानं १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. ते केलं नाही आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं, तर दावा अडू शकतो. सतत गाड्या बदलणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर पुढच्या गाडीच्या विम्यात सूट मिळते. ही सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि अनेक जण ती सोडून देतात.

घ्यायच्या आधी हे तपासा

- एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून विमा, फिटनेस, कर्जाची नोंद आणि मालकाचा क्रमांक पाहा. ई-चलन बाकी आहे का तेही पाहा.
- चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. खोडलेला, घासलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा.
- टायरवरचे चार अंक वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर ३० हजार दाखवतंय आणि टायर दुसऱ्यांदा बदललेत, तर काहीतरी गडबड आहे.
- पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायची तर मॅटखालचा गाळ, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज आणि कुबट वास बघा.
- इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आपण पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा.
- गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी एचएसआरपी पाटी बसवली आहे का पाहा. पाटीवाचून नाव बदलाचं काम अडतं.
- १५ वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च भावातून वजा करा. २०२२ पासून केंद्राच्या नियमांत हे शुल्क मोटारीला ५ हजार आणि दुचाकीला १ हजार रुपये आहे.
- मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मयताच्या नावाच्या कोऱ्या सह्यांवर विश्वास ठेवू नका.

हौसेचा हिशेब

समजा, एकानं जुनी मोटार साडेतीन लाखांना घेतली. दलाली ५ हजार, नाव बदल आणि विमा १२ हजार, टायर-बॅटरी १८ हजार. गाडी पडली ३ लाख ८५ हजारांना. आठ महिन्यांनी मन भरलं आणि ती ३ लाख २० हजारांना गेली. ६५ हजार गेले, म्हणजे महिन्याला आठ हजारांहून जास्त, तेही डिझेल सोडून. हौस म्हणून परवडत असेल तर हरकत नाही, पण 'गाडीत पैसे सुटतात' असं म्हणण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

भाव ठरवताना विकणाऱ्यानं गाडी केवढ्याला घेतली होती हे विचारू नये, आज तीच नवी गाडी केवढ्याला मिळते हे विचारावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून घाबरवणारेही आहेत. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. गावातल्या एकानं दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर तो लागत नाही.

आधी विकलेल्या गाड्यांचं काय?

आतापर्यंत विकलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आठवून एम-परिवहनवर टाकून पाहावा. नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण नाव आपलंच आहे का हे ओळखू येतं. अजून आपलंच असेल तर घेणाऱ्याला गाठून नाव बदलून घ्यावं. तो टाळाटाळ करत असेल तर ताबा पावतीच्या प्रतीसह परिवहन कार्यालयाला लेखी कळवावं, पोच घ्यावी आणि घेणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्यावी. गाडी कुठे आहे हेच माहीत नसेल तर पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. एवढ्यानं नाव आपोआप बदलत नाही, पण उद्या दावा आलाच तर आपण गप्प बसलो नव्हतो याचा पुरावा हातात राहतो.