दशावतारी नाटकातील उत्स्फूर्त संवाद आणि पात्रनिर्वाह

दशावतार हा दक्षिण कोकण आणि उत्तर गोव्यातील पारंपरिक लोकनाट्यप्रकार असून त्यातील आख्यान परंपरेने लिखित संहितेशिवाय सादर केले जाते. कथानकाचा आराखडा आणि पात्रांची वाटणी प्रयोगापूर्वी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. अशा प्रयोगाची सुसंगती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, नटाला पात्राची पूर्वकथा ठाऊक असणे. आणि दुसरी, प्रवेश संपेपर्यंत त्याने पात्राच्या मर्यादेत राहून बोलणे, म्हणजेच पात्रनिर्वाह.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण हे तालुके आणि गोव्यातील पेडणे हा भाग दशावतारासाठी प्रसिद्ध आहे. कार्तिकापासून सुरू होणाऱ्या गावोगावच्या जत्रांत मंदिरासमोर रात्रभर प्रयोग चालतो. पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होत असल्याने या नाटकाला ‘दहीकाला’, मालवणीत ‘धयकालो’, असेही म्हणतात. स्त्रीभूमिकांसह सर्व भूमिका परंपरेने पुरुष करतात. सतराव्या शतकातील समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त दशावतारी खेळातील स्त्रीवेशधारी पुरुषांचा उल्लेख आढळतो.

प्रयोगाचे दोन भाग असतात. पूर्वरंगाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, शंखासूर आदी पात्रे येतात आणि विष्णूकडून शंखासुराचा वध होतो. उत्तररंगात रामायण, महाभारत किंवा पुराणांतील एखादे आख्यान सादर होते. उत्स्फूर्त संवादांचा खरा कस या भागात लागतो.

प्रयोगाची पूर्वतयारी

आख्यान ठरल्यावर मंडळाचे चालक किंवा एखादा ज्येष्ठ नट प्रवेशांचा क्रम थोडक्यात सांगतो. कोणी कोणाची भेट घ्यायची, कोणत्या प्रसंगी वाद व्हायचा, युद्ध कोठे आणि शेवट कसा, एवढेच त्यातून निश्चित होते. तोंडाला रंग लावता लावताच ही चर्चा चालते. नट आपली रंगभूषा स्वतः करतात. राजापार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट असे भूमिकांचे प्रकार रूढ आहेत. पायपेटी, मृदंग आणि झांज यांचे वादक नटाच्या बोलण्याचा रोख ओळखून साथ देतात. नेपथ्य जवळजवळ नसते. एकच बाक प्रसंगानुसार सिंहासन किंवा रथ ठरतो, आणि तो काय आहे हे पात्राच्या बोलण्यावरून कळते.

पूर्वकथेचे कार्य

पाठ केलेली वाक्ये नसल्याने नटाचे भांडवल म्हणजे त्याचे कथाज्ञान. पात्राचा जन्म, कुळ, मिळालेले वर व शाप, जुने अपमान आणि केलेल्या प्रतिज्ञा यांतूनच त्याला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. कर्णाची भूमिका हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. अधिरथ व राधा यांनी केलेले पालनपोषण, शस्त्रस्पर्धेत झालेली अवहेलना, दुर्योधनाने दिलेले अंगदेशाचे राज्य आणि परशुरामाचा शाप या घटना माहीत असलेला नट भीमाच्या टोमण्याला किंवा कृष्णाच्या उपदेशाला त्या पात्राला साजेसे उत्तर देऊ शकतो. ही माहिती नसेल तर संवाद सर्वसाधारण वीरवाक्यांपुरता उरतो.

ही पूर्वकथा एकट्या नटाची नसते. समोरच्या नटाला आणि बहुतेक प्रेक्षकांनाही ती ठाऊक असते. त्यामुळे चूक तत्काळ लक्षात येते, तसेच ओझरता उल्लेखही पुरेसा ठरतो.

पात्रनिर्वाहाच्या मर्यादा

नटाला कथेचा शेवट माहीत असतो, पण पात्राला तो माहीत नसतो. हा फरक सांभाळणे हा पात्रनिर्वाहाचा गाभा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. त्यापूर्वीच्या प्रवेशात कर्णाने पांडवांना भाऊ मानून बोलणे कथेशी विसंगत ठरते. त्यानंतर रणांगणावर कर्णाला नाते माहीत असते, अर्जुनाला नसते. म्हणून अर्जुन झालेल्या नटाला स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवूनच त्वेषाने बोलावे लागते.

दुसरी मर्यादा सहनटाशी संबंधित आहे. एकाने उच्चारलेली गोष्ट त्या प्रयोगापुरती सत्य ठरते. ती खोडून काढल्यास प्रसंगाचा धागा तुटतो; ती स्वीकारून पुढे नेल्यास वाद रंगतो. आपल्या वाक्चातुर्यासाठी कथेला भलतेच वळण देणारा नट सोबत्याला निरुत्तर करू शकतो, पण ठरलेल्या प्रवेशाकडे परतणे मग दोघांनाही अवघड होते.

भाषा ही तिसरी मर्यादा होय. राजे, ऋषी आणि देवता संस्कृतप्रचुर प्रमाण मराठीत बोलतात. शंखासूर मात्र मालवणीत बोलतो आणि गावातील चालू घडामोडींवरही विनोद करतो. काळाचे बंधन ओलांडण्याची ही मुभा परंपरेनेच त्याला दिली असल्याने त्यामुळे रसभंग होत नाही.

इतर परंपरांशी तुलना

सोळाव्या शतकात इटलीत उदयास आलेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारातही कथेचा आराखडा आणि ठरावीक पात्रे घेऊन नट संवाद रचत. 1843 मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकात सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे त्यांच्या आधारे स्वतःची भाषणे करीत. पुढे लिखित, म्हणजे ‘बुकिश’, नाटकांमुळे शहरी रंगभूमीवर ही पद्धत मागे पडली.

आधुनिक काळात टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत अशीच तत्त्वे दिसतात. यांतील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व तो 1974 मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो, तर ‘गेममास्टर’ प्रसंग उभे करतो. पात्राला ठाऊक नसलेली माहिती खेळाडूने वापरणे, म्हणजे ‘मेटागेमिंग’, तेथे सहसा दोष मानतात. मुख्य फरक असा, की या खेळात पूर्वकथा बहुधा खेळाडू स्वतः रचतो आणि शेवट अनिश्चित असतो. दशावतारात पूर्वकथा परंपरेकडून मिळते आणि शेवट सर्वांना माहीत असतो.

बदलते स्वरूप

अलीकडच्या काळात नव्याने रचलेली काल्पनिक कथानके, चमत्कृतिपूर्ण ‘ट्रिकसीन’ आणि वेळेचे बंधन असलेले प्रयोग दशावतारात रूढ झाले आहेत. काल्पनिक कथानकात पात्राची पूर्वकथा प्रेक्षकांना आधी माहीत नसते. ती संवादांतूनच सांगावी लागते. वेळ मर्यादित असल्यास लांबणाऱ्या वादविवादांना वाव कमी मिळतो. या कौशल्याचे शिक्षण आजही मुख्यतः ज्येष्ठ नटांचे प्रयोग पाहून, त्यांच्यासोबत लहान भूमिका करून आणि पुराणकथांचे वाचन-श्रवण करून होते.