इडिटारॉड शर्यत

इडिटारॉड ही अमेरिकेच्या अलास्का राज्यात दरवर्षी मार्च महिन्यात होणारी लांब पल्ल्याची श्वान-स्लेज शर्यत आहे. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी; ती ओढणारी कुत्री हाकणाऱ्या स्पर्धकास मशर म्हणतात. अँकरेज शहरापासून बेरिंग समुद्रकिनाऱ्यावरील नोम या गावापर्यंतचे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर आहे. १९७३ साली पहिल्या शर्यतीचा विजेता डिक विल्मार्थ याला वीस दिवस लागले होते. अलीकडे विजेते बहुधा नऊ ते दहा दिवसांत नोम गाठतात.

इतिहास

इडिटारॉड हे मुळात सोन्याच्या शोधामुळे १९१० च्या सुमारास वसलेल्या गावाचे नाव. सोने संपताच ते ओस पडले आणि आज तेथे कोणी राहत नाही. हिवाळ्यात नद्या गोठल्या, की टपाल, धान्य आणि सोने यांची ने-आण कुत्र्यांच्या स्लेजवरूनच होत असे. त्या जुन्या वाटेवरून शर्यतीला नाव मिळाले.

ही शर्यत १९२५ च्या औषधवाहतुकीच्या स्मरणार्थ सुरू झाली, असा समज सर्वत्र आढळतो. त्या वर्षी नोममध्ये घटसर्पाची साथ पसरली. नेनाना येथपर्यंत रेल्वेने आलेले प्रतिविष तेथून पुढे वीस मशरांनी एकमेकांच्या हाती सोपवत सुमारे १,०८५ किलोमीटर अंतरावरील नोमला साडेपाच दिवसांत पोहोचवले. शेवटचा टप्पा धावणारा बाल्टो हा कुत्रा जगप्रसिद्ध झाला व न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र लेनहार्ड सेपाला आणि त्याचा म्होरक्या टोगो यांनी पार केला होता. ही घटना शर्यतीच्या परंपरेत मानाने सांगितली जात असली, तरी शर्यतीचे मूळ कारण वेगळे आहे.

१९६० च्या दशकात स्नोमोबाइल ही बर्फावर चालणारी मोटार खेड्यापाड्यांत पोहोचली. इंधनावर चालणारे यंत्र दारात आल्यावर वर्षभर मासे घालून कुत्री पोसण्याचे कारण उरले नाही आणि गावोगावचे स्लेजचे कळप झपाट्याने नाहीसे होऊ लागले. निक येथे राहणारे जो रेडिंग्टन यांना ही कुत्री आणि जुनी वाट दोन्ही टिकवायची होती. डोरोथी पेज यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये या वाटेच्या छोट्या भागावर शर्यत झाली होती. रेडिंग्टन यांनी ती नोमपर्यंत नेली. ते स्वतः ही शर्यत कधी जिंकले नाहीत, मात्र १९९७ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षीही त्यांनी तीत भाग घेतला.

स्वरूप

मार्ग सम वर्षी उत्तरेकडून व विषम वर्षी दक्षिणेकडून जातो. ओसाड इडिटारॉड गाव दक्षिण मार्गावर लागते. अँकरेजमधील प्रारंभ केवळ समारंभापुरता असतो आणि खरी शर्यत दुसऱ्या दिवशी, सामान्यतः विलो येथून सुटते. पुरेसा बर्फ नसल्याने २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये ती फेअरबँक्सहून सोडावी लागली.

कुत्री जोडीजोडीने जुंपलेली असतात. विशेष म्हणजे त्यांना लगाम नसतो. 'जी' म्हणजे उजवीकडे आणि 'हॉ' म्हणजे डावीकडे, एवढ्या हाकांवर म्होरकी कुत्री सगळा चमू वळवतात. धावताना एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांहून अधिक कॅलरी लागू शकतात. म्हणून त्यांचे खाद्य छोट्या विमानांनी आधीच वाटेवरील ठाण्यांवर पोहोचवले जाते. पंजे सोलवटू नयेत म्हणून कापडी मोजे घालतात. एक चोवीस तासांची आणि दोन आठ तासांच्या विश्रांती सक्तीच्या आहेत; शेवटची विश्रांती नोमच्या अलीकडे व्हाइट माउंटन येथे घ्यावी लागते. थकलेले कुत्रे ठाण्यावर पशुवैद्यांच्या हवाली करता येते, पण त्याच्या जागी दुसरे घेता येत नाही.

१९७८ मध्ये डिक मॅकी केवळ एका सेकंदाने जिंकला. १९८५ मध्ये इतर मशर थांबले असताना लिबी रिडल्स भर वादळात नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर उतरली आणि ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. सर्वाधिक सहा विजय डॅलस सीव्ही याचे आहेत. सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्यास 'लाल कंदील' दिला जातो, आणि तो येईपर्यंत नोममध्ये एक दिवा तेवत ठेवतात.

टीका

प्राणिहक्क संघटनांचा या शर्यतीस तीव्र विरोध आहे. २०२४ मध्ये शर्यतीदरम्यान तीन कुत्री मरण पावली व त्यांच्या मशरांना माघार घ्यावी लागली. कुत्र्यांना वर्षभर साखळीने बांधून ठेवण्याच्या पद्धतीवरही आक्षेप घेतला जातो. ही कुत्री धावण्यासाठीच जन्मलेली आहेत, असे समर्थक म्हणतात. हे खरे असले, तरी त्यांनी किती धावायचे हे माणूसच ठरवतो. वेल्स फार्गो, अलास्का एअरलाइन्स आणि एक्सॉनमोबिल या कंपन्यांनी आपले प्रायोजकत्व थांबवले आहे.

खर्च वाढल्याने सहभागही घटला. २००८ मध्ये ९६ मशर निघाले होते, तर २०२३ मध्ये अवघे ३३, म्हणजे पहिल्या शर्यतीपेक्षाही एक कमी. ज्या मूळनिवासी गावांची कुत्री टिकावीत म्हणून हा खटाटोप सुरू झाला, तेथील मशर आता मोजकेच असतात. तरीही २०१९ मध्ये बेथेल गावचा यूपिक मशर पीट कायझर जिंकला. २०२३ चा विजेता रायन रेडिंग्टन आईकडून इनुपियाक वंशाचा असून जो रेडिंग्टन यांचा नातू आहे.