फॉरमॅट न मारता

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले आणि पेठापेठांतल्या कॉम्प्युटरवाल्यांचा जुना सल्ला पुन्हा ऐकू येऊ लागला. सगळं उडवून नवीन टाकू. मशिन रडतखडत चालतंय? उडवू. ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती येतात? उडवू. वीस वर्षांपूर्वी हेच लोक ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणायचे आणि त्यांच्याशी हुज्जत घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या हुज्जतीत माझ्या बाजूने दहा-बारा रुपयांची एक सीडी असायची, वर मार्करने ‘रेस्क्यू’ लिहिलेली. त्या रेस्क्यू सीड्यांची जमात आता संपत आली आहे. तिच्या तेराव्याला कुणी आलं नाही, म्हणून हा मागोवा.

तिचं तत्त्व साधं होतं. व्हायरस शिरलेल्या विंडोजलाच स्वतःची तपासणी करायला सांगणं म्हणजे चोराला पंचनामा लिहायला बसवणं. विंडोज सुरू झाली की व्हायरसही सुरू होतो. अँटीव्हायरसने फायलींची यादी मागितली, तर रूटकिट, म्हणजे लपून बसणारा व्हायरस, मधल्या मध्ये आपलं नाव गाळून उरलेली यादी पुढे सरकवतो. म्हणून हार्ड डिस्कवरची विंडोज उठवायचीच नाही. सीडीवरून दुसरीच सिस्टिम, बहुतेक वेळा लिनक्स, चालू करायची आणि बाहेरून डिस्क तपासायची. चालू नसलेला व्हायरस ही नुसती एक फाइल असते. ती पळत नाही, लपत नाही, प्रतिकार करत नाही.

फ्लॉपीच्या जमान्यातही हेच करायचे. १९८६मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, ‘मायकेलअँजेलो’ ६ मार्चला जागा व्हायचा, आणि दोघांवर उतारा एकच : लिहिण्याची सोय बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशिन चालू करा. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी पुण्यात ‘क्विक हील’ उभं केलं, तेही याच व्हायरसांच्या त्रासातून. पुढे २६ एप्रिल १९९९ला ‘चेर्नोबिल’ने बायोसची चिपच पुसायला सुरुवात केली, तिथे मशिन चालूच होईना, मग फ्लॉपी काय करणार? त्या वर्षांबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही. तेव्हा व्हायरस क्वचित भेटायचे आणि त्यांचं अप्रूप वाटायचं.

माझं दशक साधारण २००५ ते २०१४. तेव्हा मी एका छापखान्याच्या डीटीपी विभागात होतो. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, निवडणुकीत हँडबिलं. पेजमेकर, कोरल आणि श्रीलिपी. गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवर आणायचं, आणि तो पेनड्राइव्ह सायबर कॅफे, एमएस-सीआयटीचा क्लास, पुतण्याचं कॉलेज असा सगळीकडे फिरून आलेला असायचा. लावला की ऑटोरन आपणहून चालायचं. फोल्डरचं चित्र लावलेली ‘न्यू फोल्डर’ नावाची एक्झी फाइल कुणी ना कुणी उघडायचंच, कारण विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवायची. मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टामधलं पेनड्राइव्हचं ऑटोरन अपडेट देऊन बंद केलं ते फेब्रुवारी २०११मध्ये. तोवर देशभरातले पेनड्राइव्ह नासून झाले होते. हा उशीर मी अजून माफ केलेला नाही.

सगळ्यात छळवादी व्हायरस म्हणजे सॅलिटी. तो एक्झी फायलींच्या आत शिरायचा. टास्क मॅनेजर बंद, रजिस्ट्री एडिटर बंद, सेफ मोडच्या नोंदी पुसलेल्या, अँटीव्हायरस उघडता उघडता गडप. आतून इलाज करणाऱ्याला तो एकही दार उघडं ठेवायचा नाही. बरं, अँटीव्हायरस चाललाच तर तो बाधलेली फाइल सरळ डिलीट करायचा, म्हणजे व्हायरसबरोबर पेजमेकरही गेला. पाटलांच्या पत्रिकेची फाइल सुखरूप आणि ती उघडणारा प्रोग्रॅम स्वर्गवासी.

मग गल्लीतला दुकानदार यायचा. नाव घेत नाही. तीनशे रुपये, संध्याकाळपर्यंत मशिन तयार, ‘डेटाबिटा विसरा साहेब.’ फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा. डी ड्राइव्हवर व्हायरसची ऑटोरन फाइल तशीच, त्यामुळे नव्या कोऱ्या विंडोजमध्ये पहिल्यांदा डी ड्राइव्हवर डबलक्लिक केलं की पाहुणा पुन्हा हजर. शिवाय विंडोज चोरीची, म्हणून ‘जेन्युइन नाही’ असा निरोप येऊ नये यासाठी अपडेट कायमचे बंद करून दिलेले. कॉन्फिकर या व्हायरसने ज्या भोकातून प्रवेश केला ते बुजवणारं अपडेट ऑक्टोबर २००८मध्ये आलं होतं, कॉन्फिकर आला नोव्हेंबरात. ज्यांची अपडेट बंद होती त्यांच्याकडे तो पुढची कित्येक वर्षं सुखाने नांदला. दुकानदाराला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तीनशे रुपये. या धंद्याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही.

सीडीचा मार्ग कष्टाचा होता, हे कबूल. कॅस्परस्की, डॉक्टर वेब, अविरा, बिटडिफेंडर, एव्हीजी, एफ-सिक्युअर, सगळे आपापली रेस्क्यू सीडी फुकट देत होते, पण ती उतरवायची कशी? बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून अलार्म लावून दोनला उठायचं. आयएसओ फाइल चांगल्या मशिनवर कमी वेगाने राइट करायची. आजारी मशिनच्या बायोसमध्ये जाऊन सीडीरॉम पहिल्या नंबरवर आणायचा. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि ऑपरेटर पोरं मागे येऊन उभी राहायची. आधी नेटवरून व्हायरसच्या नव्या व्याख्या घ्यायच्या, मग स्कॅन. ऐंशी जीबीच्या डिस्कला अख्खी दुपार लागायची. यादीत फायलींची नावं एकेक करून लाल होत जायची आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न : दुरुस्त करू, बाजूला ठेवू की पुसू? खरी कसोटी इथेच. सॅलिटी असेल तर ‘दुरुस्त’, म्हणजे पेजमेकर वाचतो. नुसता ट्रोजन असेल तर पुसायचं, कारण त्यात वाचवण्यासारखं काही नसतंच. घाईघाईने ‘सगळं पूस’ दाबणाऱ्यांची विंडोज नंतर उठायचीच नाही आणि दोष सीडीला जायचा.

या सीड्यांना बहर येण्यामागे एक कारण होतं, ज्याची फारशी कुणी आठवण काढत नाही. लिनक्सला विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचता यायची, पण तिच्यावर भरवशाने लिहिता येत नव्हतं. क्लाउस क्नोपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ सीडीवरून २००० नंतर आपण फायली कॉपी करून वाचवू शकत होतो, व्हायरस पुसणं मात्र जिवावरचं काम. २००७मध्ये ‘एनटीएफएस-३जी’ची पहिली पक्की आवृत्ती आली आणि बाहेरून हात घालून घाण काढता येऊ लागली. कुणाच्या तरी फुकट कामावर मोठमोठ्या कंपन्यांनी आपली पाटी लावली, हे त्यांच्या जाहिरातीत कधी दिसलं नाही.

‘हिरेन्स बूटसीडी’बद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक मेकॅनिकच्या पाकिटात ती असायची. तिच्यातली मिनी एक्सपी आणि बरीचशी विकाऊ सॉफ्टवेअर परवान्याविना भरलेली होती. पण तिने जितका डेटा वाचवला असेल तितका अधिकृत सर्व्हिस सेंटरांनी वाचवला नसावा. जुन्या मालिकेतली शेवटची, १५.२, नोव्हेंबर २०१२मध्ये आली.

त्याच सुमारास सगळ्याच रेस्क्यू सीड्यांना उतरती कळा लागली. विंडोज ८ने ‘फास्ट स्टार्टअप’ आणलं. मशिन बंद केलं तरी विंडोज अर्धवट झोपेत, आणि तशा डिस्कवर लिनक्स लिहायला नकार देतं. सिक्युअर बूट आलं, सही नसलेली सीडी चालेना. सीडी ड्राइव्हच लॅपटॉपमधून गेला. मग फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं. जून २०१७मध्ये नॉटपेट्याने न्हावा-शेव्यातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं, तेव्हा पडद्यावर खोटं ‘चेकडिस्क’ दिसत असताना वीज तोडून बाहेरून बूट केलं तर काही हाती लागण्याची आशा होती. एरवी कुलूप लागलेल्या फायलींपुढे रेस्क्यू सीडी काय करणार? कुलूप लावणारा काढून टाकता येतो, कुलूप निघत नाही. बिटडिफेंडर, एफ-सिक्युअर यांनी आपल्या सीड्या सोडून दिल्या. कॅस्परस्कीची टिकली, पण २०२४मध्ये अमेरिकेने त्या कंपनीवरच बंदी घातली. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये विंडोज १०च्या आतच ‘डिफेंडर ऑफलाइन’ बसवलं. बटण दाबा, मशिन वेगळ्या वातावरणात उठून स्वतःला तपासतं. काम बरं करतं, पण सगळा कारभार त्याच डिस्कवरून, त्याच मालकाच्या मर्जीने.

बाहेरून बूट करण्याची गरज संपली असं म्हणणाऱ्यांना मी १९ जुलै २०२४ची आठवण करून देतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. इलाज? सेफ मोडमध्ये किंवा पेनड्राइव्हवरून मशिन चालू करा आणि ती एक फाइल पुसा. मायक्रोसॉफ्टनेच त्यासाठी बूट होणारा पेनड्राइव्ह बनवण्याचं साधन दिलं. आणि तिथेही लोक अडकले ते बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या, ४८ आकडी किल्लीपाशी.

तीच किल्ली हल्ली मलाही आडवी आली. शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप, त्यात सोसायटीचे हिशेब. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर डिस्क कुलूपबंद. ‘मी तर कधी कुलूप लावलंच नाही हो भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की विंडोज ते आपणहून लावते, किल्ली त्या खात्यात ठेवते. खातं उघडून दिलं होतं दुकानातल्या मुलाने, कुठल्या ईमेलवर ते कुणालाच माहीत नाही. सर्व्हिस सेंटरचा सल्ला ठरलेला : रिसेट मारा. लॅपटॉप चोरीला गेला तर हे कुलूप फार मोलाचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली मालकाच्या हातात न देता कुलूप लावणं ही सुरक्षा नव्हे, दांडगाई आहे.

तेव्हा वाचकहो, मशिन धड आहे तोवरच एक काम उरका. स्टार्टमध्ये ‘मॅनेज बिटलॉकर’ किंवा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातलं उपकरणांचं पान उघडून ते ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवायची वेळ आलीच, तर तो दुसऱ्याच्या, निरोगी मशिनवर बनवा.