उंदराचें भय व आपलें भय

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्या पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसूं लागले. जमीन हालतांच छाती धडधडते, तोंडास कोरड पडते व पाय दाराकडे धांवतात. धक्का तर कांहीं क्षणांचा. मग जीव इतका वेळ कां थरथरत राहतो? ह्याचें उत्तर शास्त्रज्ञांस प्रयोगशाळेंतील उंदरांपासून पुष्कळसें मिळालें आहे. तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उंदरास अरुंद नळींत थोडा वेळ अडकवून ठेविलें कीं तो भितो. तत्क्षणीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथि अ‍ॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत सोडितात व हृदय जलद चालूं लागतें. त्याच वेळीं मेंदूचा दुसरा निरोप त्याच्या तळाशीं असलेल्या लहानशा ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींस पोंचतो आणि त्या कॉर्टिकोस्टेरोन हा रस सोडितात. मनुष्यांत हेंच कार्य मुख्यतः कॉर्टिसॉल करितो. अशा रसांस हॉर्मोन अथवा संप्रेरक म्हणतात. कॉर्टिकोस्टेरोन साधारण अर्ध्या तासांत कळसास पोंचतो. पुढें तोच मेंदूस ‘आतां पुरे’ असें कळवितो व एक-दोन तासांत ओसरतो. म्हणजे अल्पकालीन ताण हा शत्रु नव्हे, तर संकटसमयीं धांवून येणारा पहारेकरी होय.

परंतु पहारेकऱ्यानें घरांतच ठाण मांडिलें तर? १९३६ सालीं हान्स सेल्ये ह्यांनीं दाखविलें कीं, ताण न सरल्यास मोठ्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथि फुगतात व जठरांत व्रण पडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. विदिता वैद्य ह्यांच्या प्रयोगशाळेनेंही बाळपणींच्या ताणाचे मेंदूवर दीर्घकाळ राहणारे परिणाम अभ्यासिले आहेत.

ह्या प्रयोगांत एक मोठी अडचण असते. ताण मोजावयास पुढें झालेला हातच उंदरास भिवडवितो! म्हणून, त्याच्या मूळच्या शांत स्थितींतील कॉर्टिकोस्टेरोन मोजावयाचा असल्यास, पिंजऱ्यास हात लागल्यापासून सुमारें तीन मिनिटांच्या आंत रक्त घ्यावें लागतें. शिवाय इंग्लंडांत २०१० सालीं असें दिसून आलें कीं, शेपटी धरून उचललेले उंदीर भेदरतात, पण ओंजळींत अथवा नळींतून नेलेले हाताशीं लवकर रुळतात.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या घंटेस छाती धडधडली तर भिऊं नका. तो तुमचा पहारेकरी आहे, व तो परतेल. आणि आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं स्वतःस विचारावें: मुलास दरडावून जें उत्तर आपण घेतों, त्यांत त्याचें ज्ञान किती व आपल्या हाताचें भय किती?