समुद्रकाठची रेंज : दांड्या भरलेल्या, तरी फोन का लागत नाही?

आजचा विषय वर्सोव्यातल्या प्रत्येकाच्या रोजच्या वैतागाचा आहे. यारी रोड असो, सात बंगला असो, कोळीवाडा असो की खाडीपलीकडचं मढ, तक्रार एकच ऐकू येते : "रेंज फुल दाखवतो, पण फोन लागत नाही. लागला तर आवाज तुटतो." मग सोसायटीच्या बैठकीत दोन गट पडतात. एक म्हणतो आणखी टॉवर हवा, दुसरा म्हणतो आमच्या गच्चीवर नको. मुळात बिघाड काय आहे, हे मात्र कोणीच तपासलेलं नसतं. तेच आज बघू.

पहिली गोष्ट. फोनवरच्या दांड्या मुख्यतः सिग्नलचा जोर दाखवतात, त्याची स्पष्टता नव्हे. शिमग्याच्या रात्री कोळीवाड्याच्या मधोमध उभे राहा. चार बाजूंनी चार स्पीकर, चार वेगळी गाणी. आवाज भरपूर, पण एकाही गाण्याचे शब्द कळत नाहीत. फोनचंही असंच होतं. तीन-चार टॉवर सारख्याच जोराने ऐकू यायला लागले, की त्यातला आपला कुठला हे वेगळं काढणं त्याला जड जातं.

हा जोर डीबीएम नावाच्या मापात मोजतात. आकडा उणे असतो. फोरजीसाठी उणे ९० म्हणजे छान, उणे ११५ म्हणजे अगदी कमजोर. दर १० अंकांनी सिग्नल दहापट घटतो, म्हणजे उणे ९० आणि उणे ११० यांत शंभरपटीचं अंतर आहे. स्पष्टतेचं माप वेगळं. आपला सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे, हे त्यात बघतात. ते शून्याच्या खाली गेलं, की दांड्या भरलेल्या असल्या तरी बोलणं तुटतं.

आता यात समुद्राचा काय संबंध? शहरात इमारती लहरींना अडवतात. आपल्याला त्याचा त्रास वाटतो, पण त्याच इमारती लांबच्या टॉवरचा नको असलेला सिग्नलही अडवतात. पाण्यावर अडवायला काहीच नाही. वर्सोवा ते मढ रस्त्याने जायचं तर मालाडवरून केवढा वळसा. लहरी मात्र सरळ खाडी ओलांडून जातात. त्यामुळे मढच्या धक्क्यावरचा फोन वर्सोव्याच्या एखाद्या उंच गच्चीवरचा अँटेना धरून बसू शकतो. शिवाय पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळते. कधी ती भर घालते, कधी काट मारते. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली, की हे गणितही बदलतं.

विसाव्या मजल्यावरच्या, समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटची अडचण हीच असते. अँटेना मुद्दाम खाली, रस्त्याकडे झुकवलेले असतात. वरच्या मजल्याला जवळच्या टॉवरचा मुख्य झोत मिळत नाही आणि लांबचे दहा टॉवर मात्र ऐकू येतात. तिथे आणखी एक टॉवर उभारला तर गोंगाट वाढण्याचीही शक्यता असते. अँटेनाचा झुकाव आणि दिशा सुधारणं हा कधीकधी जास्त योग्य उपाय ठरतो. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करा, तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरी बाजू बोटींची. टॉवर एकेका अँटेनातून काही दहा वॉटने बोलतो. तुमचा फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. म्हणजे त्याचं तुम्हाला ऐकू येतं, पण तुमचं त्याला ऐकू जात नाही. बोटीवर एखादी दांडी दिसते आणि फोन लागत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलवर विसंबू नये. व्हीएचएफ संच आणि त्यावरचा १६ नंबरचा चॅनल संकटासाठी आहे, तो चालू ठेवावा.

पावसाळ्यात नेट मंदावतं, तेव्हा लोक पावसाला दोष देतात. फोन ज्या लहरींवर चालतो त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. पण जिथे टॉवरपर्यंत फायबर पोचलेली नसते, तिथे दोन टॉवरमधला दुवा मायक्रोवेव्हचा असतो, आणि १० गिगाहर्ट्झच्या वरच्या त्या लहरींना मुसळधार पाऊस चांगलाच खातो. त्यात वीज गेली आणि बॅटरी संपली, की टॉवरच बंद. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, तेही आहेच.

आता गच्चीवरच्या टॉवरची भीती. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. आणि हे लक्षात घ्या : टॉवर लांब असला, की तुमच्या कानाला लावलेला फोन पूर्ण ताकदीने ओरडतो. जवळ असला, की हळू बोलतो. टॉवर कुठे असावा यावर जरूर भांडावं, पण 'टॉवर नाही म्हणजे किरण नाहीत' हा हिशोब चुकीचा आहे. इकडे जागाही कमी आहे. पश्चिमेला समुद्र, तिथे टॉवर नाही. खाडीकाठी खारफुटी, तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामावर उच्च न्यायालयाची बंधनं. उरतात त्या गच्च्याच.

हे सगळं गंभीर का? रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखलं, तर ११२ लागला पाहिजे. आपल्या कंपनीची रेंज पूर्ण गेली असेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही ११२ लावू शकतो. पण रेंज आहे असं त्याला वाटत असेल, तर तो आधी त्याच तुटक्या नेटवर्कवर खटपट करतो. अर्धवट रेंज म्हणूनच जास्त दगा देते.

तेव्हा तक्रार करताना नुसतं 'रेंज नाही' म्हणू नका. कुठला मजला, कुठली खोली, किती वाजता, हे लिहा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा मिळतो, तो आठवडाभर टिपून ठेवा. जवळ टॉवर कुठे आहेत ते सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर बघा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्या, दाद नाही लागली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. एका इमारतीतल्या वीस घरांनी असे आकडे एकत्र करून दिले, तर आकडा कमी आहे म्हणून टॉवर हवा, की आकडा चांगला असून बोलणं तुटतं म्हणून अँटेना नीट करायला हवा, हे कंपनीच्या इंजिनिअरला ठरवता येतं. आणि सोसायटीच्या बैठकीतलं भांडणही मुद्द्यावर येतं.