वरंध उतरताना लागणारे ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यात चपळ छोट्या गाड्यांची हौस जुनी आहे, आणि त्यातल्या काही गाड्या तर इथेच जन्मल्या. २०१३ मध्ये आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची, २०१५ मधली अबार्थ पुन्टो रांजणगावची. दोन्ही आता बनत नाहीत, पण ज्यांच्याकडे आहेत ते त्या जिवापाड जपतात. सुट्टीच्या सकाळी त्यांच्या वाटाही ठरलेल्या असतात. कापूरहोळवरून भोर, नीरा देवघरच्या पाण्याकडेने हिर्डोशी आणि पुढे वरंध घाट, नाहीतर चेलाडीवरून वेल्हे आणि पाबे घाट. अशा गाडीत आधी इंजिनाची ताकद वाढवली जाते आणि ब्रेककडे लक्ष मागाहून जातं. हा क्रमच चुकीचा आहे. त्यातून ब्रेकवरचा खर्चही बहुतेकदा डोळ्यांना दिसणाऱ्या भागांवर होतो आणि जे दिसत नाही ते तसंच राहतं.

गैरसमज : मोठी डिस्क बसवली की गाडी लवकर थांबते.

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरू लागलं, म्हणजे एबीएस जागं झालं, तर समजावं की टायरला पेलेल त्याहून जास्त जोर ब्रेक आधीच देतो आहे. मग डिस्क कितीही मोठी केली तरी त्या एका थांब्याचं अंतर कमी होणार नाही. ते कमी करायचं असेल तर चांगले, ताजे टायर आणि त्यांत योग्य हवा हाच उपाय.

मोठ्या, जाड डिस्कचं खरं काम वेगळं आहे : उष्णता सामावून घेणं आणि ती लवकर हवेत सोडणं. उष्णता किती, याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. चार माणसांसह पोलोचं वजन १,४०० किलो धरू. ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबायला सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. हीच गाडी घाटातून ५०० मीटर खाली आली, तर उंचीची सुमारे ६,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा कचकन थांबण्याइतकी. यातला काही भाग वारा आणि टायरचं घर्षण खातं, बराचसा भाग इंजिन खाऊ शकतं. उरलेला सगळा ब्रेकवर येतो. इंजिनाला त्याचा वाटा उचलू द्यायचा की नाही, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं.

गैरसमज : उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं.

आपल्या घाटांत सर्वाधिक घातक समज हाच. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा जवळपास पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण दोन-चारदा पेडल दाबल्यावर ब्रेक बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. जुनी माणसं सांगायची की ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ते आजही खरं आहे. डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवावा.

गैरसमज : ब्रेक ऑईल कमी झालं नाही, म्हणजे बदलायची गरज नाही.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असावी. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑईलं हवेतलं पाणी शोषतात. होजच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून दमटपणा हळूहळू आत जातो, आणि भोर-वेल्ह्याच्या पावसाळी पट्ट्यात दमट हवेला तोटा नाही. प्रमाणकानुसार कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. टाकीतली पातळी मात्र तशीच दिसते.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि त्यांतला फरक पायाला कळायला हवा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल खाली जातंय, मऊ लागतंय, म्हणजे ऑईल उकळलं. दुसरा प्रकार कधीकधी घाट संपल्यावर होतो. खाली येऊन चहाला लगेच थांबलं की चाकांना वारा लागत नाही, डिस्कची धग कॅलिपरमधल्या ऑईलपर्यंत पोचते आणि निघताना पहिलंच पेडल खोल जातं. म्हणून उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक फारसे न वापरता गाडी सावकाश चालवावी, मग थांबावं. पेडल मऊ लागलंच तर भराभर दोन-तीनदा दाबून दाब आणावा, खालचा गिअर टाकावा आणि जागा मिळताच थांबून सगळं निवू द्यावं.

ऑईल दर दोन वर्षांनी बदलावं, ट्रॅकवर जाणाऱ्यांनी प्रत्येक वेळी जाण्याआधी. आकडा मोठा म्हणून डॉट ५ मात्र घेऊ नये. ते सिलिकॉनचं असतं आणि डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

गैरसमज : रेसिंग पॅड म्हणजे सर्वांत चांगले पॅड.

ते गरम झाल्यावर चांगले. थंड असताना त्यांची पकड अनेकदा कंपनीच्या साध्या पॅडहूनही कमी असते. जुलैच्या सकाळी भिजलेल्या रस्त्यावर, पहिल्याच वळणावर म्हैस आडवी आली, तर पॅड तापेपर्यंत थांबायला वेळ नसतो. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क खातात. रोजची गाडी आणि अधूनमधून घाट असेल तर चांगल्या प्रतीचे रस्त्यासाठीचे पॅड घ्यावेत. ट्रॅकचे पॅड ट्रॅकवर पोचल्यावर बदलावेत. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्यावेत. हे न करता थेट घाट गाठला तर पॅडचा थर डिस्कवर कमी-जास्त चिकटतो, पेडल धडधडतं आणि दोष 'डिस्क वाकली' म्हणून डिस्कवर जातो.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण भोकांभोवती तडे जातात आणि डिस्कचं उष्णता झेलणारं वजनही घटतं. ट्रॅकसाठी साधी किंवा खाचांची डिस्क बरी. लाल रंगाने कॅलिपरच्या कामात फरक पडत नाही. त्यावरची प्लास्टिकची कव्हरं मात्र उष्णता कोंडतात, ती काढून टाकावीत. स्टीलच्या जाळीचे होज पेडलला घट्टपणा देतात, थांबण्याचं अंतर कमी करत नाहीत.

गैरसमज : मागे ड्रम आहेत, तिथे डिस्क हव्यातच.

अबार्थ पुन्टोला चारही डिस्क होत्या, पोलो जीटीला मागे ड्रम. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि अशा गाडीत सत्तर टक्क्यांहून अधिक काम पुढची चाकं करतात. मागे डिस्क टाकल्या की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडू शकतो, आणि मागची चाकं आधी अडकली तर ओल्या वळणावर गाडी फिरते. एबीएसची जुळणी कंपनीने मूळ ब्रेक धरून केलेली असते. कायद्याचंही भान ठेवावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. त्यामुळे असं काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारावं.

शेवटचा गैरसमज ज्यांच्या जिवाशी येतो ते गाडीत नसतात : घाट म्हणजे फुकटचा ट्रॅक. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारा माणूस असतो. वरंधमध्ये समोरून एसटी येते, वाघजाईच्या देवळापाशी माणसं रस्ता ओलांडतात, पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ताच बंद होतो. पाबे घाटात गुरं आणि शाळेची मुलं असतात. वेगाची खरी हौस असेल तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे. तिथेही शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निववावेत आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये.

पैसे खर्च करायचे तर आधी टायर, मग ताजं ऑईल, मग पॅड, आणि एवढं करूनही ट्रॅकवर ब्रेक कमी पडले तरच मोठ्या डिस्क. पुढच्या वेळी भोरकडे निघण्याआधी बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिस बुकात बघा. दोन वर्षं उलटून गेली असतील तर आधी ते बदला, मग घाटाला जा.